कृपेचे खजिनदार

खजिनदारकाकांकडे वाटीभर काही पाठवू नये, असं आमच्या मंडळीत लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्याच नाताळात सांगून ठेवतात. ती अर्थातच ऐकत नाही. नवी असते, उत्साह असतो. ताटावर रुमाल घालून सहा करंज्या घेऊन जाते. काका दारातच ताट हातात घेतात. तोंडाने "कशाला एवढा त्रास घेतलास, बेटा" चालू असतं आणि रुमालाखाली अंगठा करंज्या मोजत असतो. दुसऱ्या दिवशी ताट परत येतं, त्यात सात करंज्या. सातवी कशाची हे विचारायचं नसतं. ती व्याजाची. सुनेला वाटतं, काय प्रेमळ माणूस! ती चिवडा पाठवते. चिवड्यावर चिवडा येतो, वर दोन लाडू. नव्या वर्षापर्यंत दोन्ही घरांतला मैदा संपतो आणि मग सासू म्हणते, "बास आता. जिंकू दे त्यांना."

आणि हाच माणूस दर रविवारी उपासनेत पहिल्या बाकावर बसून, तारण हे देवाचं फुकटचं दान आहे, माणसाच्या कमाईचा त्यात एक पैसाही नाही, या वाक्याला सगळ्यात मोठ्याने "आमेन" म्हणतो.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीचे काका खजिनदार आहेत. कधीपासून, ते त्यांनाच विचारा, तारखेसकट सांगतील. सरकारी ट्रेझरीतून निवृत्त झाले, पण ट्रेझरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात ठाणं दिलं. त्यानंतर काही वर्षांनी काकांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला. त्याचा दाखला काकांनी लॅमिनेट करून घेतलेला आहे. "बाप्तिस्म्याच्या कागदाने तारण होत नाही," असं ते स्वतःच सांगतात, आणि लगेच, "पण कागद असावा." दाखल्याच्या तीन झेरॉक्स वेगवेगळ्या कपाटांत आहेत. मंडळीतल्या कुणी दाखल्याची प्रत मागितली तर काका प्रत देतात आणि हात पुढे करतात. "तारण फुकट आहे, झेरॉक्स नाही."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. लग्नाच्या नोंदणीला, दफनभूमीच्या पावतीला, गीतांच्या पुस्तकाला, सगळ्याला लागू पडतं.

उपासना संपली की बाकीची मंडळी झाडाखाली "सलाम, सलाम" करत चहा पिते. काका वेस्ट्रीत अर्पणाची थैली उपडी करतात. आधी नोटा, मग नाणी, मग दशांशाची पाकिटं. नोटांवरचे गांधीजी सगळे एका दिशेला तोंड करून हवेत. एकदा थैलीत चार आण्याचं नाणं निघालं. चार आणे चलनातून गेले २०११ च्या जूनअखेर. पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी काका उभे राहिले आणि म्हणाले, "जे नाणं रिझर्व्ह बँक घेत नाही ते देवाच्या गळ्यात मारू नये." आजही ते नाणं वेस्ट्रीच्या ड्रॉवरमध्ये एका पाकिटात आहे. पाकिटावर लिहिलंय: 'बाद. तरी दिलेलं.' मंडळीचे हिशेब तपासायचं काम दर मार्चमध्ये माझ्याकडे येतं, म्हणून मला हे ठाऊक. त्या रविवारच्या जमेत मात्र पंचवीस पैसे धरलेले आहेत आणि रोकड बरोबर जुळते. ती कुणाच्या खिशातून जुळली, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

काकांची साक्ष ऐकण्यासारखी असते. साक्षीच्या सभेत माणसाने उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. काका सुरुवात झकास करतात. "मी काही कामाचा नाही. माझ्या हातून काहीच चांगलं घडलं नाही. सगळं प्रभूने केलं." इथे खाली बसले असते तर सभागृह गहिवरलं असतं. पण काका चष्मा पुसतात आणि प्रभूने त्यांच्याकडून काय काय करवून घेतलं त्याची यादी सुरू होते. संडे स्कूलला एकही खाडा नाही. मलेरियाच्या तापातसुद्धा घोंगडी गुंडाळून आले होते. दफनभूमीच्या कुंपणासाठी कलेक्टर कचेरीत खेटे घातले, रिक्षाभाडं मागितलं नाही. भाड्याचा आकडा येतो. प्रत्येक बाबीनंतर "हे मी अभिमानाने सांगत नाही" हे वाक्य येतं. पाळकसाहेब घड्याळ पाहतात. मागून काकू खोकतात.

काकू हे आमच्या मंडळीचं खरं धर्मशास्त्र. बोलतात कमी. एकदा काका घरी दशांशाची आकडेमोड करत बसले होते. पेन्शनवर दशांश काढायचा तो कापून जाणाऱ्या रकमेआधी की नंतर, महागाई भत्त्याच्या फरकावर मागच्या महिन्यांचा धरायचा का, असं रात्रभर चाललं. काकू अंथरुणावरून म्हणाल्या, "अहो, तुमचं तारण झालंय की हप्त्यावर घेतलंय?"

दशांश त्यांचा नुसता पेन्शनचा नाही. मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. हंगामाच्या सणाला लोक शेतातलं, परड्यातलं काही ना काही देवळात आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. काका दर दहा लिंबांमागे एक लिंबू आणतात. एके वर्षी शहाऐंशी लिंबं निघाली, तेव्हा आठ आणावीत की नऊ, यावर त्यांनी पाळकसाहेबांचा सल्ला घेतला होता. पाळकसाहेबांनी प्रभूच्या त्या बोलण्याची आठवण करून दिली, की परुशी लोक पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश देतात आणि न्याय, दया, विश्वास या वजनदार गोष्टी तेवढ्या विसरतात. काका विचारात पडले. मग म्हणाले, "जिरं आपल्याकडे होत नाही." आणि नऊ लिंबं आणली. लिलावात त्यांच्या लिंबांना कुणी बोली लावेना, कारण प्रत्येकाच्या अंगणात लिंबू आहे. शेवटी काकांनीच बोली लावली, बाजारभावाच्या चौपट. आपलीच लिंबं विकत घेऊन, पावती घेऊन घरी गेले.

कुणाला वाटेल, यांना कृपेचा सिद्धांत कळलेलाच नाही. तसं नाही, हीच तर अडचण आहे. आख्ख्या मंडळीत तो काकांइतका पक्का कुणाला ठाऊक नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी धर्मसुधारणेवर भाषण त्यांचंच असतं आणि ते रंगतं. १५०५ साली एका वादळात वीज अंगाजवळ पडली म्हणून घाबरून मठात गेलेला तरुण मार्टिन ल्यूथर. उपास, जागरणं, थंडीत पांघरुणाशिवाय झोपणं. पापांची कबुली द्यायला बसला की तासन्‌तास उठायचा नाही, पुन्हा आठवलं म्हणून परत यायचा. हे सांगताना काकांचा आवाज मऊ होतो. "बिचाऱ्याचा ताळेबंद कधी जुळेचना," ते म्हणतात. आणि मग पौलाच्या पत्रांत त्याला सापडलं, की जुळवायचाच नव्हता. तो भरलेला आहे. दुसऱ्याने भरलेला आहे. आपण फक्त हात पुढे करायचा.

इथवर मंडळी डोळे पुसत असते. मग काका १५१७ वर येतात आणि त्यांच्यातला ट्रेझरीवाला जागा होतो. पापक्षमेच्या छापील पत्रांची विक्री हा धर्माचा अपमान होताच, पण काकांचा संताप दुसऱ्याच कारणाने. "लोकांना सांगितलं की पैसे रोमच्या संत पेत्राच्या मंदिराला. प्रत्यक्षात अर्धी रक्कम कुठे गेली? माइन्त्सच्या आर्चबिशपने पद मिळवायला फुग्गर सावकाराकडून कर्ज काढलं होतं, ते फेडायला! एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला!" हाताची मूठ व्यासपीठावर. "ऑडिट कुठे होतं?" विटेनबर्गच्या ९५ मुद्द्यांत हा शहाण्णवावा मुद्दा यायला हवा होता, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

कृपेने फारच कोंडीत पकडलं तर काका याकोबाच्या पत्राचा आसरा घेतात. कर्मांवाचून विश्वास निर्जीव, असं तिथे स्वच्छ म्हटलेलं आहे. पाळकसाहेबांनी एकदा गंमत म्हणून सांगितलं की खुद्द ल्यूथरने १५२२ च्या आपल्या प्रस्तावनेत या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलंय. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या दिवशी ल्यूथरसाहेब घाईत असतील."

मला वाटतं, यात काकांचा एकट्याचा दोष नाही. आपण मराठी माणसं कुठल्याही देवळात जाऊ, पाप-पुण्याची वही काखेत असतेच. काकांच्या पणजोबांनी चित्रगुप्ताला मिशनच्या फाटकाबाहेर सोडलं खरं, पण त्याची दौत-टाक बहुधा कोटाच्या खिशात राहून गेली. आणि ज्यांनी ही वही खरोखर टाकून दिली ती माणसं काकांना जरा धास्तीचीच वाटतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं म्हणताना काकांचा स्वर वर चढतो, डोळे मिटतात. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असं टिळक स्वतःच म्हणत, हे ते अभिमानाने सांगतात. पण त्यांच्या हातात पैसा कसा टिकत नसे, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. काकांनी ते पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचलंय. "कवी म्हणून प्रश्नच नाही," ते म्हणतात. "खजिनदार म्हणून मी मत दिलं नसतं."

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्याच साक्षीप्रमाणे, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. त्या काळात त्यांच्या वाचनात हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं आत्मवृत्त आलं होतं. या गृहस्थांचं मन पालटलं ते व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश ऐकता ऐकता. काकांनी ही गोष्ट पाळकसाहेबांना मुद्दाम सांगितली. "आशा सोडू नका, साहेब. तुमच्याही बाबतीत होईल." आणि रमाबाईंच्या त्या आठ वर्षांबद्दल काकांचं निदान असं: "एन्ट्री सस्पेन्सला होती. रक्कम आलेली, पण कुठल्या हेडला टाकायची ते कळत नव्हतं."

गुरुवारी घरोघर शास्त्राभ्यास असतो. एका गुरुवारी द्राक्षमळ्याचा दाखला निघाला. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नवाला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचच्या सुमाराला. अंधार पडल्यावर सगळ्यांना सारखीच रोजी देतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात. काका तर त्यांचे युनियन लीडरच. "मस्टर कुठाय? हजेरी कुणी घेतली? अशाने उद्या पहाटे कोण येईल कामाला?" पाळकसाहेब समजावू लागले की हा मजुरीचा नाही, कृपेचा विषय आहे. काका ऐकेनात. "विषय कुठलाही असू दे, साहेब, बारा तास आणि एक तास सारखे कसे?"

कोपऱ्यात आमच्या मंडळीतल्या एक आजी बसल्या होत्या. ७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली आहे. सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "काय वो खजिनदार, पाच वाजेस्तवर नाक्यावर उभा राह्यलेल्याच्या घरी काय अर्धीच लेकरं असत्यात व्हय?"

कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मी इतके उपदेश ऐकले, त्या दाखल्यावर याहून पुढचं कुणी बोललेलं माझ्या ऐकण्यात नाही. काकासुद्धा खाली बघत होते. प्रार्थना झाली, चहा झाला, चपला घालता घालता ते माझ्या कानाशी आले. "बाईचं बरोबर आहे. तरी मस्टरवर अंगठा घ्यायला पाहिजे होता."

अशा माणसाला देवाने कसं गाठावं? कृपेच्या पद्धती, मला वाटतं, जरा खट्याळ असतात.

झालं असं, की गीतांचे क्रमांक लावायची पाटी तिरकी दिसली म्हणून काका स्टुलावर चढले. पाटी सरळ झाली, स्टूल तिरकं झालं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं, रक्त लागणार होतं आणि काकांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. देवळाच्या ग्रुपवर निरोप गेला. मंडळीतले पंच, संडे स्कूलचे शिक्षक, महिला मंडळ सगळे धावले, गट कुणाचाच जुळेना. जुळला तो एका पोराचा. हा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, मोटरसायकलचा सायलेन्सर काढून फिरतो आणि देवळात येतो फक्त नाताळच्या दिवशी, तेही केकच्या वेळेला. काकांच्या भाषेत 'डिसेंबरवाला'. वर्गणी थकली आणि हजेरी नाही म्हणून मंडळीच्या मतदार यादीतून त्याचं नाव काकांनी स्वतः पट्टी लावून, लाल शाईने काटलेलं होतं.

शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "किती बाटल्या?" दोन लागल्या होत्या. एक त्या पोराची, दुसरी त्याने आणलेल्या मित्राची. मित्र तर आपल्या मंडळीचाही नव्हता, धर्माचाही नव्हता. दुसरा प्रश्न, "रेट काय?" नर्सबाईंनी सांगितलं, रक्ताला रेट नसतो. देणाऱ्याला पैसे द्यायला १९९८ पासून देशात बंदी आहे. आकार लागतो तो तपासणीचा आणि साठवणीचा. काका म्हणाले, मग मी बरा झाल्यावर दोन बाटल्या परत देतो. बाईंनी केसपेपर पाहिला. "आजोबा, पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत." काका चौऱ्याहत्तरचे.

त्या रात्री म्हणे काकांना झोप नाही लागली. काकूंना वाटलं, खुबा दुखतोय.

घरी आल्यावर त्यांनी पोराला बोलावून घेतलं आणि पाकीट पुढे केलं. पोरगं हसलं. "काका, येड्यासारखं काय करताय, ठेवा ते." मग काकांनी यादीत नाव परत घालायची तयारी दाखवली, थकबाकी माफ. म्हणजे अर्थात ते स्वतः भरणार होते, माफी त्यांना ठाऊक नाही. पोरगं म्हणालं, "नावाचं राहू द्या. काकूंच्या हाताला वास मस्त येतोय, मटण केलंय का?" जेवला, तीनदा वाढून घेतलं, आणि वर डबा मागितला. आता तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. उपासना संपल्यावर येतो. डबा नेतो. डबा रिकामा परत येतो, कधी धुतलेला नसतो, एकदा तर झाकणच नव्हतं. असा माणूस काकांनी जन्मात पाहिलेला नाही. घ्यायचं कसं, हे इतकं सहज येणारा माणूस मीही फारसा पाहिलेला नाही.

मार्चमध्ये मी हिशेब तपासायला बसलो, तेव्हा मंडळीच्या वह्यांबरोबर काकांची स्वतःची घरखर्चाची वहीही चुकून माझ्या पुढ्यात आली. सवयीने पान उलटलं. ऑपरेशनच्या तारखेला औषधं, रिक्षा, नारळपाणी, सगळं पैशापर्यंत लिहिलेलं. त्याखाली जमेच्या बाजूला: 'रक्त, बाटल्या २.' रकमेच्या रकान्यात रेघ. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात 'सस्पेन्स'.

काकांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. रागावले नाहीत. जरा वेळाने, व्हाउचरवर सही करता करता, वर न बघता विचारलं, "खाजगी खात्यात सस्पेन्सला किती वर्षं ठेवता येतं रे?"

मी म्हटलं, "रमाबाईंनी आठ ठेवलं होतं."

"आठ," ते म्हणाले, आणि बोटांवर काहीतरी मोजू लागले. चौऱ्याहत्तर अधिक आठ मोजत असावेत.

आता एक विनंती, आमच्या मंडळीतल्या वाचकांना. येत्या वार्षिक सभेत काका नेहमीप्रमाणे प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा देणार आहेत. पत्र टाइप झालेलं आहे, झेरॉक्सचे पैसे त्यांनी मंडळीच्या खात्यात भरलेही आहेत. पत्र वाचून झाल्यावर कुणीतरी "मंजूर" म्हणावं अशी त्यांची अजिबात इच्छा नसते, तेव्हा नव्या सभासदांनी सभ्यपणा म्हणून हात वर करू नये.